पावसाला नाव काळ्या वालाचं, शेतात मात्र मका: केनियातल्या किकुयू समाजाबद्दल

ओलीमाती

नैरोबीत येऊन मला अकरा वर्षं झाली. धाकटी इथेच झाली. बाळंतपणाला आई आली होती, येताना डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा असं सगळं बांधून घेऊन. बाळाला घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी भांडं घेऊन दारात उभ्या. त्यांना आम्ही सगळेच 'शोशो' म्हणतो. किकुयू भाषेत आजीला अशीच हाक मारतात. भांड्यात काळपट, पिकलेल्या केळ्यात घोटलेलं काहीतरी होतं. "बाळंतिणीने हेच खायचं, दूध उतरतं," त्यांनी किस्वाहिलीत सांगितलं. आईने एक घास घेतला, थांबली, आणि म्हणाली, "अगं, हे तर वाल आहेत."

होतेच. दाणा काळाभोर, कडेला पांढरी रेघ. किकुयू लोक त्याला 'न्जाही' म्हणतात. आपला वाल, पावटा आणि न्जाही ही एकाच जातीची भावंडं. पुढे आईची आणि शोशोंची गट्टी जमली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण बाळंतिणीने काय खावं यावर दोघींचं एकमत होतं.

मग कधीतरी शोशोंनी मला त्यांचे पाऊस सांगितले. मार्चपासूनचा मोठा पाऊस म्हणजे 'म्बुरा या न्जाही', वालाचा पाऊस. ऑक्टोबरपासूनचा छोटा पाऊस म्हणजे 'म्बुरा या म्वेरे'. म्वेरे म्हणजे आपली बाजरी. वर्षाचे दोन हंगाम, दोन पिकांची नावं.

गेल्या एप्रिलमध्ये त्यांच्याबरोबर मुरांगा भागात त्यांच्या गावी गेले. भर 'वालाच्या पावसात'. उतारावर मका, कडेने कॉफीची झुडपं, वरच्या अंगाला चहा, बांधावर गुरांसाठी गवत. न्जाहीचा एक वेल दिसला नाही. बाजरीचं तर नावच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "न्जाही मी बाजारातून आणते. माझ्या आईच्या शेतात होती."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. पावसाला ज्याचं नाव, तेच पीक शेतातून गेलं, आणि हे तीन पिढ्यांत घडलं. आफ्रिकेवरच्या वसाहतवादाबद्दल आपण वाचतो ते नकाशे, लढाया, करार. मला इथे बसून जे दिसतं ते स्वयंपाकघरात आणि बांधावर दिसतं. म्हणून हा धागा. माझं वाचन आणि शोशोंकडून ऐकलेलं, दोन्ही लिहीत जाईन. शेतीतले आणि इतिहासातले जाणकार इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

सुरुवात एका दुष्काळापासून करते. १८९८ ते १९०० या काळात इथे पाऊस गेला, टोळधाड आली, देवीची साथ आली. त्याआधी बुळकांडीने गुरं मेलीच होती. त्यातच किनाऱ्याकडून येणारे तांडे आणि रेल्वेच्या कामाचे तळ धान्य उचलत होते. दक्षिणेकडच्या कियाम्बू भागात माणसं मेली, उरलेली उत्तरेकडे नातलगांकडे गेली. किकुयू लोक या दुष्काळाला 'न्गारागु या रुराया' म्हणतात. रुराया म्हणजे युरोप. किस्वाहिलीत तो शब्द 'उलाया', आणि तो ज्या अरबी शब्दावरून आला त्याच शब्दावरून आपला 'विलायत' आला. म्हणजे अक्षरशः विलायती दुष्काळ.

१९०३ च्या सुमारास गोरे शेतकरी जमीन शोधत आले तेव्हा त्यांना ही ओसाड रानं दिसली आणि सरकारदरबारी ती 'रिकामी जमीन' म्हणून नोंदली गेली. ती रिकामी नव्हती. माणसं परत येणार होती. आली तेव्हा त्यांच्या म्बारीच्या, म्हणजे घराण्याच्या, जमिनीवर दुसऱ्याचं कुंपण होतं.

मृगनक्षत्र

फार सुंदर सुरुवात. आपल्याकडे पावसाला नक्षत्राचं नाव. मृगाचा, आर्द्रेचा, हस्ताचा. ते वर आभाळात बघून ठेवलेलं. इथे खाली शेतात बघून ठेवलेलं नाव आहे. पीकच गेलं तर नाव किती दिवस टिकेल? तिथली तरुण मुलं काय म्हणतात?

ओलीमाती

शोशोंची नात माझ्या ऑफिसजवळ नोकरी करते. ती इंग्रजीत 'लाँग रेन्स' आणि 'शॉर्ट रेन्स' म्हणते. न्जाहीचा पाऊस हा शब्द तिला माहीत आहे, पण 'आजी म्हणते तसं' असं म्हणून सांगते.

दापोलीकर

शेतीच्या बाजूने थोडं लिहितो.

आपली नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. इथिओपिया, युगांडाकडची. काही हजार वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. बाजरीही आफ्रिकेचीच, पश्चिमेकडच्या कोरड्या पट्ट्यातली. कोकणातला माणूस नाचणीची भाकरी आणि देशावरचा माणूस बाजरीची भाकरी खातो तेव्हा आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी निवडून, जपून वाढवलेलं बियाणं खातो. आपल्या ताटातलं हे ऋण कुठल्या पाठ्यपुस्तकात मला कधी दिसलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

किकुयू भाषेत नाचणीला काय म्हणतात? आंबील करतात का?

आता पीक का जातं त्याबद्दल. नाचणी आणि बाजरीला राखण लागते. कणीस उघडं असतं, दाणा भरला की पाखरं उतरतात. पहाटेपासून कोणीतरी मचाणावर गोफण घेऊन हवं. मक्याचं कणीस पानांत गुंडाळलेलं असतं, पाखरांचा तेवढा त्रास नाही. नाचणीची बेणणी, कापणी, मळणी सगळंच हाताचं आणि वेळखाऊ. म्हणजे घरातली माणसं कमी झाली की आधी जाणारं पीक नाचणी आणि टिकणारं पीक मका. इथे कोकणात मुंबईला माणसं गेली तेव्हा डोंगरउतारावरची नाचणी अशीच कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथे पुरुष कुठे गेले, हे शोधलं तर मक्याचं उत्तर सापडेल.

ओलीमाती

दापोलीकर, तुम्ही नेमका दोरा पकडलात. नाचणी म्हणजे 'उगिम्बी'. आणि हो, आंबील आहे. 'उशुरू' म्हणतात, आंबवलेली पेज. आता बहुतेक घरांत ती मक्याच्या पिठाची होते.

पुरुष कुठे गेले? गोऱ्यांच्या मळ्यांवर. पण आपणहून नव्हे. १९०१-०२ पासून झोपडीकर लागला. आधी झोपडीमागे दोन रुपये, पुढे तीन. हो, रुपयेच. १९२० पर्यंत इथे हिंदुस्थानचा रुपया चालत होता. किकुयू घरात प्रत्येक बायकोची वेगळी झोपडी आणि पुरुषाची वेगळी 'थिंगिरा'. कर प्रत्येक झोपडीवर. बकऱ्या आणि धान्य यांवर चालणाऱ्या घरात रोख रुपया आणायचा कुठून? मजुरी करून. कॉफी लावली असती तर पैसा मिळाला असता, पण कॉफी आफ्रिकनांना लावू देत नव्हते. किकुयू भागात ती मोकळी झाली १९५० च्या दशकात. शोशोंच्या शेतात आज जी कॉफी आहे ती त्यांच्या वडिलांना लावता येत नव्हती.

त्यावर 'किपांडे' आला. १९१५ चा कायदा, पहिल्या महायुद्धानंतर अंमल. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन पुरुषाने बोटांचे ठसे आणि नोकरीची नोंद असलेला कागद जवळ बाळगायचा. तो पत्र्याच्या लहान डबीत घालून दोरीने गळ्यात अडकवायचा. मालकाने सोडल्याची सही नसेल तर दुसरीकडे काम नाही. कागद नसेल तर तुरुंग. शोशो सांगतात, त्यांचे वडील म्हणायचे की बकरीच्या गळ्यात घंटा असते तशी आमच्या गळ्यात डबी होती.

मचाणावर गोफण घेऊन बसणारा मुलगा आणि थिंगिरात त्याला रात्री गोष्टी सांगणारा बाप, दोघंही मळ्यावर. राखण कोण करणार?

ठाणेकर

धागा आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका हे सगळं आपल्याकडेही पोर्तुगीजांबरोबर आलं. आज मिरचीशिवाय मराठी जेवण कोणी कल्पू शकत नाही. बटाटेवडा आपला म्हणूनच आपण मिरवतो. मग केनियातल्या माणसाने मका स्वीकारला तर त्याचं दुःख का? संस्कृती अशीच बदलत जाते. तिथले लोक आज उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आमची म्हणत असतील तर ती त्यांचीच ना?

दुसरं, रेल्वे, दवाखाने, शाळा हेही त्याच काळात आलं. आणि सगळ्याच परंपरा जपण्यासारख्या होत्या असंही नाही. मुलींची सुंता ही तिथलीच प्रथा होती. मिशनरींनी तिला विरोध केला हे चांगलं की वाईट?

ओलीमाती

ठाणेकर, तुमचा पहिला प्रश्न मला स्वतःला बरेच दिवस पडला होता, म्हणून नीट उत्तर देते.

उगाली त्यांचीच आहे. माझ्या मुलींचीही आहे, आठवड्यातून दोनदा आमच्याकडे होते. मका किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर शेकडो वर्षांपूर्वी आला होता आणि किकुयू बायका तो थोडाफार लावतही होत्या, त्यांच्या पद्धतीने, वालाच्या आणि रताळ्याच्या सोबतीने. तोपर्यंत तो आपल्या मिरचीसारखाच होता. आवडला तर लावा, नाही तर नका लावू.

देशावरच्या शेतकऱ्याने मिरची लावली तेव्हा त्याचं शेत त्याच्याकडे होतं, जोंधळ्याचं बी कणगीत होतं, आणि लावायची की नाही हे त्याच्या घरात ठरत होतं. इथे जमीन आक्रसली. पूर्वी दोन-चार पिकं घेतली की रान पडीक सोडायचे. सरकारने आफ्रिकनांसाठी आखलेल्या राखीव प्रदेशाच्या हद्दी ठरल्यावर पडीक सोडायला जागा उरली नाही. गोऱ्यांच्या शेतांवर निर्यातीसाठी पांढरा मका पिकू लागला, मजुराला शिधा म्हणून त्याच मक्याचं पीठ मिळू लागलं, आणि तोंडाची चवही तीच झाली. वालाचंही तसंच. शेतीखात्याला हवा होता परदेशी बाजारात खपणारा राजमा. त्याच्या जातींचं बी वाटलं गेलं आणि न्जाही मागे पडली. शेत, वेळ आणि माणूस तिन्ही गेल्यावर मका 'निवडला' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रेल्वेबद्दल एवढंच सांगते. १८९६ ते १९०१ मध्ये ती मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत गेली. बांधायला सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून आणले, बहुतेक पंजाबकडचे. त्यातले सुमारे अडीच हजार इथेच मेले. तिचा खर्च भरून यायला माल हवा, माल पिकवायला गोरे शेतकरी हवेत, त्यांना जमीन हवी आणि मजूर हवेत. वर लिहिलेलं सगळं त्या रुळांच्या मागून आलं. मी याच रुळांशेजारच्या शहरात सुखाने राहते, हे मला माहीत आहे. नैरोबी हा १८९९ मधला रेल्वेचा तळच. नाव मात्र मसाई भाषेतलं, थंड पाण्याचं.

तुमचा शेवटचा मुद्दा गंभीर आहे. त्यावर घाईने लिहीत नाही.

शेवंती

ठाणेकरांच्या शेवटच्या मुद्द्यावर मी लिहिते. मी स्त्री-आरोग्याच्या क्षेत्रात काम केलं आहे, काही महिने केनियातही होते.

ती प्रथा मुलींच्या शरीराला आणि पुढच्या बाळंतपणांना इजा करते. यात मला काडीची शंका नाही. केनियात २०११ पासून कायद्याने पूर्ण बंदी आहे आणि ती हवीच.

पण १९२९ मध्ये काय झालं ते बघा. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने सांगितलं की ही प्रथा सोडल्याचं लिहून अंगठा द्या, नाहीतर चर्च आणि शाळा बंद. अंगठ्याला किकुयूत 'किरोरे' म्हणतात. अंगठा देणारे किरोरे, न देणारे 'कारिंगा', म्हणजे अस्सल. घरं फुटली. निषेधाचं 'मुथिरिगू' नावाचं गाणं-नाच गावोगाव पसरला आणि सरकारने त्यावर १९३० मध्ये बंदी घातली. ज्यांची जमीन आधीच गेली होती त्यांना वाटलं, आता आमच्या मुलींवरही हेच हुकूम चालवणार. परिणाम असा की जी प्रथा हळूहळू आतून प्रश्नांकित झाली असती ती स्वाभिमानाची खूण बनली. आणि त्याची किंमत मोजली मुलींनी, दोन्ही बाजूंच्या.

याच संघर्षातून एक मोठी गोष्ट मात्र झाली. मिशनच्या शाळांतून बाहेर पडलेल्यांनी स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या. गावकऱ्यांनी माती-लाकडाच्या भिंती उभारल्या, वर्गणीतून शिक्षक ठेवले. १९३९ मध्ये गिथुंगुरीला शिक्षक घडवणारं कॉलेजही निघालं. १९५२ मध्ये माउ माउ या ब्रिटिशविरोधी सशस्त्र उठावामुळे लागलेल्या आणीबाणीत सरकारने या शाळा बंद पाडल्या. म्हणून 'त्यांनी शाळा दिल्या' या वाक्याला ही दुसरी बाजूही आहे.

आणि बदल आतून कसा येतो तेही सांगते. १९९६ मध्ये थाराका भागात, किकुयूंच्या शेजारच्याच समाजात, बायकांच्या संघटनेने पर्यायी संस्कार सुरू केला. 'न्तानिरा ना मुगाम्बो', शब्दांनी केलेला संस्कार. मुलींना आठवडाभर वेगळं ठेवणं, थोरल्या बायकांनी शिकवणं, शेवटी गाणी, भेटी, गावजेवण. पातं तेवढं वगळलं. सगळीकडे तो सारखा यशस्वी झाला नाही, पण मुलींना अंगठा आणि पातं यांच्यापलीकडे तिसरा रस्ता मिळाला.

ठाणेकर

शेवंती, धन्यवाद. अंगठ्याची गोष्ट माहीत नव्हती. मिरचीच्या मुद्द्यावर मी अजून विचार करतोय.

जुनापिंपळ

उशिरा आलो. जमिनीबद्दल आणि पंचायतीबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

किकुयूंमध्ये राजा नव्हता, पाटीलही नव्हता. निर्णय घेत 'किआमा', म्हणजे वयाने आणि मानाने पायऱ्या चढत गेलेल्या वडीलधाऱ्यांची सभा. सत्ता एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे द्यायचा मोठा सोहळा होता, 'इतुइका'. तो तीस-चाळीस वर्षांनी एकदा येई. थोरली पिढी बाजूला होई आणि धाकटी कारभार हाती घेई. एका माणसाच्या हाती सत्ता साचू नये याची सोयच ती. इंग्रजांना मात्र कर गोळा करायला आणि मजूर पुरवायला एक नाव हवं होतं. १९०२ च्या कायद्याने त्यांनी गावोगाव मुखिये नेमले. कोणी तांड्यांचा वाटाड्या, कोणी दुभाषा, ज्याची साहेबाशी ओळख तो 'चीफ' झाला. पुढची इतुइका १९२० च्या दशकात व्हायची होती. ती पूर्ण झालीच नाही. पिढीने पिढीकडे कारभार सोपवायची रीत तिथे तुटली ती तुटलीच. आज केनियात सरकारी 'चीफ' आहेच, तो प्रशासनाचा नोकर आहे आणि लोकांना वाटतं हे जुनंच आहे.

जमीन. 'गिथाका' ही म्बारीची, म्हणजे एका पूर्वजाच्या वंशजांची. तिच्यावर 'मुहोई' राहू शके, अनेकवचनी 'अहोई'. मुहोई म्हणजे मागून घेतलेल्या जमिनीवर कसणारा. भाडं नाही, पण सणावाराला मद्य, कामाला हात, आणि नातं. आपल्या शब्दांत कुळाच्या जवळ जाणारं, पण कुळाहून मायेचं. १९२१ मध्ये कोर्टाने निकाल दिला की आफ्रिकन माणूस आपल्या जमिनीवर ब्रिटिश राजाच्या मर्जीने राहणारा भाडेकरू आहे. एका फटक्यात म्बारीचे मालकच मुहोई झाले, तेही माया नसलेल्या मालकाचे. त्याआधी १९१५ च्या कायद्याने गोऱ्यांना ९९९ वर्षांचे भाडेपट्टे मिळाले होते. नऊशे नव्व्याण्णव.

मग १९५२ ची आणीबाणी, माउ माउचा उठाव. १९५४ मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या. एक, दहा लाखांहून अधिक माणसांना विखुरलेल्या घरांतून उठवून आठशेहून जास्त कुंपणबंद वस्त्यांत कोंबलं. दुसरी, जमिनीची मोजणी, एकत्रीकरण आणि वैयक्तिक मालकीचे दाखले. मोजणी चालू असताना हजारो पुरुष छावण्यांत कैद होते. सरकारच्या बाजूने राहिलेल्यांची नावं चढली. अहोईंना कागदावर जागाच नव्हती.

आता हे आपल्याकडच्या गोष्टीशेजारी ठेवा. मुंबई प्रांतात १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाला कसणारं कूळ मालक मानलं गेलं. अंमलात खोट होती, मान्य. पण दिशा कुळाकडे होती. त्याच वर्षांत केनियात दिशा उलटी होती. सातबाऱ्यावर नाव लागणं आणि न लागणं यात काय फरक पडतो हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. केनियातल्या आजच्या जमिनीच्या भांडणांचा, निवडणुकीच्या वेळी उसळणाऱ्या वैराचा एक मोठा धागा इथून निघतो.

ओलीमाती

जुनापिंपळ, तुमचा प्रतिसाद मी शोशोंना भाषांतर करून सांगितला. आणीबाणीच्या वस्तीत गेल्या तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहिते.

सैनिक आले, सामान काढायला थोडा वेळ दिला, मग झोपड्या पेटवल्या. वस्तीत झोपड्या ओळीने, दाराला दार. आईची वेगळी, बापाची वेगळी, मधलं अंगण, धान्याची कणगी, असं काही नाही. दिवसभर बायकांना वस्तीभोवती खंदक खणायला लावत. शेतावर जायला तासभर मिळे, पहाऱ्यात. तासाभरात काय उपटता येईल ते आणायचं. वालाच्या शेंगा एकदम पिकत नाहीत, पुन्हा पुन्हा तोडाव्या लागतात, आईला ते जमेना. बियाण्याचे भोपळे घराबरोबर जळले. "आईने नंतर बी मागितलं, पण मागायचं कोणाकडे? सगळ्यांचीच घरं जळली होती," असं म्हणून त्या गप्प बसल्या. मीही पुढे विचारलं नाही.

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोठा मुगुमो आहे. उंबर-वडाच्या कुळातलं झाड, किकुयूंचं देवाचं झाड. त्याच्याखाली उभं राहून किरिन्यागाकडे, म्हणजे माउंट केनियाकडे तोंड करून प्रार्थना करायची रीत. शोशो रविवारी चर्चला जातात, नेमाने जातात. येताना त्या झाडाला हात लावून येतात. कोणी विचारलं तर काही बोलत नाहीत.

निळासमुद्र

मी मडगावचा, आता पुण्यात. आमचे आजोबा नैरोबीत रेल्वेच्या हिशेबखात्यात कारकून होते. घरी त्याचा अभिमान होता. हा धागा वाचून अस्वस्थ झालो, म्हणून लिहितोय.

त्या व्यवस्थेत गोरे वर, आफ्रिकन खाली आणि आमच्यासारखे मध्ये. उंचावरच्या सुपीक जमिनी हिंदी लोकांनाही घेता येत नव्हत्या, वस्त्या वेगळ्या, क्लब वेगळे. पण किपांडे आमच्या गळ्यात नव्हता. झोपडीकराच्या वह्या कोणीतरी लिहीत होतं, आणि लिहिणाऱ्यांत आमची माणसं होती. आजी सांगायची, तिथे नोकराला नावाने नाही, 'बॉय' म्हणून हाक मारायचे. पांढरे केस झालेल्या माणसालाही. तिला ते शेवटपर्यंत टोचत राहिलं.

एक नाव मात्र अभिमानाने घेतो. पिओ गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, १९२७, आईवडील गोव्याचे. मुंबईत असताना गोव्याच्या मुक्तीच्या कामात पडले, मग केनियात परतून तिथल्या लढ्यात. १९५४ पासून कैद आणि स्थानबद्धता मिळून काही वर्षं काढली. स्वातंत्र्यानंतर भूमिहीनांची बाजू सोडली नाही. २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत त्यांना गोळ्या घातल्या.

भाषेबद्दल कोणी लिहिलं नाही. गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हॉइसरॉयने कोंकणी बोलण्यावर बंदीचं फर्मान काढलं होतं. आमच्या घराण्यात एक पूर्ण पिढी पोर्तुगीजमध्ये शिकली आणि कोंकणीत फक्त स्वयंपाकघरात बोलली. केनियात काय झालं?

ओलीमाती

निळासमुद्र, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सोपं नसतं.

माझ्या वयाच्या एका सहकाऱ्याने सांगितलेलं लिहिते. म्हणजे हे स्वातंत्र्यानंतरचं, ऐंशीच्या दशकातलं. शाळेत सकाळी एका लाकडी चकतीला दोरी बांधून ती एका मुलाच्या गळ्यात घालत. तो दिवसभर कान देऊन फिरायचा. कोणी मातृभाषेत बोललं की चकती त्याच्या गळ्यात. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. गोरा साहेब गेल्यालाही तेव्हा वीस वर्षं झाली होती. मला ते ऐकताना किपांडेची डबी आठवली. त्या सहकाऱ्याची मुलं आज किकुयू बोलत नाहीत. तो म्हणतो, शिकवायला बसलो की कानाला मित्राची चाहूल लागते.

हे बदलू पाहणारेही होते. लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात १९७७ मध्ये मजूर, शेतकरी, बायका यांनी मिळून उघड्यावर नाट्यगृह बांधलं आणि किकुयूत नाटक केलं. लोक पायी चालत बघायला आले. सरकारने परवाना काढून घेतला आणि १९८२ मध्ये ते नाट्यगृह पाडलं. ते सरकार स्वतंत्र केनियाचं होतं.

नावांचं मात्र टिकलं. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, मुलींना तसंच आज्यांचं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे तसं, पण इथे क्रम ठरलेला. मिशनने बाप्तिस्म्याचं इंग्रजी नाव पुढे लावलं, तरी मागचं नाव क्रमाने येतच राहिलं. शोशोंची नात म्हणजे नावाने शोशोच. घरात तिला धाकटी असूनही कधीकधी 'आई' म्हणतात.

वाटसरू

इंग्रजांनी तिथून नेलेल्या वस्तू परत करण्याबद्दल? बातम्यांत असतं म्हणून विचारतो.

जुनापिंपळ

थोडक्यात. केनियातल्याच पोकोमो समाजाचा पवित्र नगारा 'न्गाजी' १९०२ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी नेला, तो १९०८ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नांदी या दुसऱ्या एका समाजाचा नेता कोइतालेल अराप सामोएई याला १९०५ मध्ये तहाच्या भेटीत गोळी घातली. त्याच्या काठ्या २००६ मध्ये परत आल्या. आणि माणसांबद्दल म्हणाल तर २०१३ मध्ये ब्रिटनने आणीबाणीतल्या छळाबद्दल खेद व्यक्त करून ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड केली. साठ वर्षांनी. जमिनीचा त्यात विषय नव्हता.

ठाणेकर

तीन दिवस वाचतोय. मिरचीचं उदाहरण मागे घेत नाही, पण 'बियाण्याचे भोपळे जळले' यानंतर ते इथे लागू होत नाही हे मान्य करतो.

ओलीमाती, न्जाहीचं बी आता मिळतं का? की फक्त खायचे दाणे?

ओलीमाती

मिळतं. कोरड्या भागांत लावतात, बाजारात नेहमी असते आणि राजम्यापेक्षा महाग. बारसं, लग्नाची बोलणी, बाळंतीण, तिथे ती लागतेच. अलीकडे शेतीसंशोधनवाल्यांचंही तिच्याकडे लक्ष गेलं आहे.

शोशोंनी या खेपेला मुठभर दाणे कॉफीच्या कडेने टोचले आहेत. उगवले आहेत, मी फोटो पाहिला. बारीक वेल, दोन पानं.

शोशोंचा एक निरोप आहे. आईने त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे वालाला मोड आणून करतात. त्यांना ते पटलेलं नाही, पण करून बघायचं आहे. त्या दाणे उकळून पहिलं पाणी टाकून देतात, कडू म्हणून. बिरड्याची कृती कोणीतरी नीट लिहा, मी किस्वाहिलीत सांगेन.

दापोलीकर

आमच्या घरातून विचारून लिहितो. वाल आदल्या सकाळी भिजत घालायचे. रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायचे आणि उबेत ठेवायचे. नैरोबी थंड आहे, दोन रात्री लागतील. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे, सालं सैल होतात, दाणा चिमटीत धरून दाबला की साल सुटतं. हे काम एकट्याने करू नये, चार जणींनी बसून करायचं. फोडणीत कांदा, हळद, तिखट, वर आमसूल, गूळ, खोबरं. मोडाच्या वालाला आम्ही पहिलं पाणी टाकत नाही, थोडा कडवटपणा राहतोच. आमच्याकडे त्यांना कडवे वालच म्हणतात, हे शोशोंना सांगा.